साथीच्या काळातील घर

साथीच्या रोगासंबंधीचे आदेश कार्यालयात तयार होतात. त्यांची अंमलबजावणी मात्र बव्हंशी घरात होत असते. रुग्णास स्वतंत्र ठेवावे, हात वारंवार धुवावेत, वृद्धांनी बाहेर पडू नये, या सूचना परिपत्रकात तीन ओळींत मावतात. घरात त्यांचा अर्थ असा होतो की, कोणीतरी आपली खोली सोडावयाची, कोणीतरी दोन हंडे पाणी अधिक आणावयाचे आणि कोणीतरी आजीच्या रक्तदाबाच्या गोळ्या आठवणीने आणून द्यावयाच्या. हे ‘कोणीतरी’ कोण आणि त्यांच्याजवळ खोली, पाणी व वेळ आहे काय, याची चौकशी अगोदर झाली नाही, तर हेतू चांगला असूनही आदेश निष्फळ ठरतो. सुमारे सव्वाशे वर्षांच्या अवधीत महाराष्ट्राने प्लेग, मानमोडी आणि कोरोना अशा तीन मोठ्या साथी अनुभवल्या. त्यांचा इतिहास बहुधा रुग्णालये, कायदे आणि मृत्यूचे आकडे यांच्या आधारे सांगितला जातो. येथे तो घराच्या उंबरठ्याच्या आतून पाहण्याचा प्रयत्न केला आहे.

झडतीची धास्ती

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. पुढील वर्षाच्या फेब्रुवारीत साथरोग अधिनियम संमत झाला आणि पुण्यात रँड यांच्या अध्यक्षतेखालील प्लेग समितीने घरोघर झडत्या सुरू केल्या. गोरे शिपाई देवघरात व स्वयंपाकघरात शिरत. रुग्णास इस्पितळात आणि घरातील इतरांस अलगीकरणाच्या छावणीत नेले जाई. अंथरुणे व कपडे जाळले जात, जमीन उकरली जाई. या प्रकारातून निर्माण झालेल्या क्षोभाची परिणती २२ जून १८९७ च्या घटनेत झाली, हे सर्वज्ञात आहे. प्रशासनाच्या दृष्टीने त्याहूनही विचार करण्याजोगी गोष्ट वेगळी आहे. झडतीच्या धास्तीने लोक आपले रुग्ण लपवू लागले. तापाने फणफणलेले माणूस आतल्या अंधाऱ्या खोलीत ठेवावयाचे आणि बाहेर सर्व काही क्षेम असल्याचे दाखवावयाचे, असा घरोघरचा दिनक्रम झाला. रोग शोधण्यासाठी योजलेल्या उपायानेच रोग दडविला गेला.

शिवाय त्या वेळी रोगाचा मार्गही कोणास ठाऊक नव्हता. मुंबईत गटारे कार्बोलिक आम्लाच्या पाण्याने धुतली जात होती, घरांना चुना लावला जात होता. उंदरांच्या अंगावरील पिसवा हा रोग पसरवितात, ही कल्पना सिमाँ या फ्रेंच वैद्यकाने १८९८ मध्ये मांडली. ती सर्वमान्य होण्यास त्यानंतर जवळजवळ एक दशक लागले. तोपर्यंत खेड्यातील माणसाने आपल्या अनुभवाने एक गोष्ट ओळखली होती. घरात उंदीर पडू लागले की चूल, जाते, गुरेढोरे घेऊन माळावर किंवा शेतात झोपडी घालून राहावयाचे. कारण ठाऊक नसले तरी उपाय बिनचूक होता. उंदीर आणि पिसवा दोन्ही मागे राहत. गाव मोकळे करण्याची ही रीत पुढे सरकारी उपाययोजनेतही समाविष्ट झाली. लोकांचे म्हणणे आरंभीच विचारात घेतले गेले असते, तर पुष्कळसा चुना आणि पुष्कळसा संताप वाचला असता, असे म्हणावयास हरकत नाही.

शुश्रूषेचा भार

१८९७ मध्येच, मार्च महिन्याच्या १० तारखेस, सावित्रीबाई फुले यांचे निधन झाले. पुण्यानजीक आपले पुत्र डॉ. यशवंत यांच्या समवेत प्लेगच्या रुग्णांची सेवा करीत असता त्यांना रोगाची बाधा झाली होती. त्यांचे नाव इतिहासात राहिले. घरातल्या घरात शुश्रूषा करताना दगावलेल्या असंख्य स्त्रियांची मात्र कोठेही नोंद नाही.

या नोंद नसलेल्या कष्टांचा थोडाफार पुरावा १९१८ च्या इन्फ्लुएंझाच्या साथीत मिळतो. महाराष्ट्रात तिला ‘मानमोडी’ म्हणत. जूनमध्ये ती मुंबईत आली आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये तिने भयंकर रूप धारण केले. त्याच वर्षी पाऊसही फसला व धान्य महाग झाले. देशातील मृतांची संख्या एक कोटीहून कितीतरी अधिक होती, असे अभ्यासकांचे अनुमान आहे. भारतात पुरुषांपेक्षा स्त्रिया अधिक प्रमाणात मृत्युमुखी पडल्या, ही त्यातील लक्षणीय बाब होय. त्याची जी कारणे दिली जातात, त्यांत स्त्रियांचे अपुरे पोषण आणि आजाऱ्याजवळ सतत राहण्याची त्यांच्यावर असलेली जबाबदारी ही प्रमुख आहेत. सारे घर एकाच वेळी अंथरुणाला खिळले असता पेज करून घालणारी बाई स्वतःचा ताप अंगावरच काढीत असे. तिला विश्रांती मिळावी, अशी व्यवस्था घरातही नव्हती आणि गावातही नव्हती.

एका खोलीचा प्रश्न

महाराष्ट्रात कोरोनाचे पहिले रुग्ण ९ मार्च २०२० रोजी पुण्यात आढळले आणि त्याच महिन्याच्या २५ तारखेपासून देशभर टाळेबंदी सुरू झाली. पुढे रुग्णसंख्या वाढल्यावर सौम्य लक्षणांच्या रुग्णांस घरीच ठेवण्याची मुभा मिळाली. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या सूचनांनुसार त्यासाठी वेगळे राहण्याची सोय आणि अहोरात्र देखभाल करणारी व्यक्ती आवश्यक होती. तीन खोल्यांच्या सदनिकेत हे साधते. दहा बाय दहाच्या खोलीत सहा माणसे राहत असतील, तर ‘गृह-विलगीकरण’ हा शब्द निव्वळ कागदावर राहतो.

धारावीत हा प्रश्न ढळढळीतपणे समोर आला. अडीच चौरस किलोमीटरहून कमी क्षेत्रात लाखो लोकांची वस्ती आणि बहुसंख्य रहिवासी सार्वजनिक शौचालयांवर अवलंबून! तेथे १ एप्रिल २०२० रोजी पहिला रुग्ण आढळल्यानंतर महानगरपालिकेने घरीच राहण्याचा आग्रह सोडून शाळा व सभागृहे ताब्यात घेतली, तेथे संशयितांची राहण्या-जेवणाची सोय केली आणि शौचालयांचे निर्जंतुकीकरण वारंवार करविले. जुलैमध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या महासंचालकांनी या कामाचा आवर्जून उल्लेख केला. घरात जागा नाही हे वास्तव मान्य करून पुढील योजना आखली गेली, हे या यशाचे एक प्रमुख कारण होय.

या काळात घरातील काम पुष्कळ वाढले. दुधाच्या पिशव्या साबणाने धुणे, भाजी मिठाच्या पाण्यात बुडविणे, बाहेरून आलेल्याचे कपडे वेगळे भिजविणे असे अनेक उपचार आरंभीचे कित्येक महिने चालू होते. हा रोग मुख्यतः श्वासावाटे, बंद जागेतील हवेतून पसरतो, हे पुढे स्पष्ट झाले. म्हणजे गृहिणीचे कित्येक तास पिशव्या धुण्यात गेले आणि बिनखर्चाची खिडकी मात्र अनेक घरांत बंदच राहिली. प्लेगच्या चुन्याची येथे आठवण होते. नवे ज्ञान प्रयोगशाळेतून माजघरापर्यंत पोहोचण्यास जो विलंब लागतो, तो कमी करणे हे माहिती देणाऱ्या प्रत्येक यंत्रणेचे काम आहे. नव्या सूचनेबरोबर जुनी कोणती सूचना आता पाळावयाची नाही, हेही तितक्याच ठळकपणे सांगितले गेले पाहिजे.

घर ही सर्वांसाठी सुरक्षित जागा असते, हे गृहीतकही तपासून घ्यावयास हवे. २०२० च्या एप्रिल-मेमध्ये राष्ट्रीय महिला आयोगाकडे कौटुंबिक हिंसाचाराच्या तक्रारी वाढल्या. मुलांचे शिक्षणही घरातच आले. ‘शाळा बंद, पण शिक्षण सुरू’ या उपक्रमातून शिक्षकांनी पुष्कळ खटपट केली. परंतु घरात भ्रमणध्वनी एकच, तोही वडिलांबरोबर कामावर जाणारा, आणि शिकणारी भावंडे तीन, अशा ठिकाणी सर्वांत आधी कोणाचा धडा बुडतो, हे शिक्षकांना सांगावयास नको. सोलापुरातील नीलमनगर वस्तीत घरांच्या बाहेरील भिंतींवर धडे रंगविण्यात आले. घरात नाही ते गल्लीत उपलब्ध करून देण्याची ही युक्ती साधी होती, आणि तिला विजेचीही गरज नव्हती.

दाराशी कोण येते?

१५ सप्टेंबर २०२० पासून ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ ही मोहीम राज्यात राबविण्यात आली. पथकांनी घरोघर जाऊन ताप व प्राणवायूची पातळी मोजली. मधुमेह, रक्तदाब अशा आजारांची नोंद घेतली. घरोघर जाणे १८९७ मध्येही झाले होते. फरक दाराशी येणाऱ्या माणसात होता. गावातील आशा स्वयंसेविका घरातील बाळंतपणापासून ओळखीची असते. तिला उंबरठ्यावर थांबवीत नाहीत. तरीही ताप लपविण्याचे प्रकार या वेळीही घडले. दारावर फलक लागला की शेजार तुटेल, रोजगार जाईल, ही भीती त्यामागे होती. जेथे शेजाऱ्यांनी किंवा ग्रामपंचायतीने त्या घरास दूध, धान्य व औषध दारात पोहोचविले, तेथे आजार उघडपणे सांगणे तुलनेने सोपे झाले.

तेव्हा पंचायत सदस्यांनी साथ नसतानाच करून ठेवावे असे एक काम येथे सुचवावेसे वाटते. ग्रामपंचायतीच्या नमुना ८ मध्ये घराचे क्षेत्रफळ व बांधकामाचा प्रकार असतो. त्या घरात किती माणसे झोपतात, हे त्यात नसते. आशा स्वयंसेविकेच्या कुटुंब-नोंदीत माणसे, गरोदर स्त्रिया व जुने आजार असतात, खोल्या नसतात. ग्रामपंचायत अधिकारी आणि आशा स्वयंसेविका यांनी दोन्ही वह्या एकत्र घेऊन बसावे. एकखोली घरे, पाणी बाहेरून आणणारी घरे, एकटे राहणारे वृद्ध, आणि जेथे सेवा करणारी व्यक्ती एकच आहे अशी घरे यांवर खूण करावी. ती व्यक्ती आजारी पडल्यास त्या घरी जेवण कोठून जाईल, तेही समोर लिहून ठेवावे. विलगीकरणासाठी शाळेच्या किती खोल्या देता येतील आणि त्या खोल्यांजवळ स्त्रियांसाठी स्वतंत्र शौचालय व नळ आहे काय, हे मुख्याध्यापकांनी त्याच यादीखाली नमूद करावे. मध्यम आकाराच्या गावात हे काम काही दिवसांचे आहे. माणसे जातात-येतात, खोल्या वाढतात, म्हणून दर वर्षी पावसाळ्यापूर्वी यादी पुन्हा तपासावी लागेल.