ख्रिसमस पुडिंगची साठवण



इंग्लंडात ख्रिसमस पुडिंग सणाच्या महिनाभर आधीच शिजवून मुरायला ठेवतात. अ‍ॅडव्हेंट (ख्रिसमसपूर्वीचा तयारीचा काळ) सुरू होण्यापूर्वीचा शेवटचा रविवार हा त्याचा ठरलेला दिवस. अँग्लिकन प्रार्थनापुस्तकातल्या त्या दिवशीच्या प्रार्थनेच्या पहिल्या शब्दांवरून त्याला ‘स्टर-अप संडे’ म्हणतात, आणि घरातला प्रत्येक जण त्या दिवशी मिश्रण एकेकदा ढवळतो. मनुका, बेदाणे, साखरेत पाकवलेली संत्र्याची साल, पावाचा चुरा, अंडी, सुएट म्हणजे गुरांच्या मूत्रपिंडाभोवतीची चरबी, मसाला आणि ब्रँडी असे हे मिश्रण वाडग्यात भरून सहा ते आठ तास वाफवले जाते. तिथून २५ डिसेंबरपर्यंत ते जपणे हेही रांधण्याइतकेच महत्त्वाचे काम आहे.

पुडिंग ब्रँडीमुळे टिकते असा सर्वसाधारण समज आहे, तो अपुरा आहे. घातलेल्या मद्यापैकी बरेचसे लांबलेल्या वाफवण्यात उडून जाते. खरी राखण करते ती साखर. मुरांब्यात जे घडते तेच इथेही घडते: साखर आणि सुका मेवा पाणी धरून ठेवतात आणि जिवाणूंना वाढायला लागणारा ओलावा शिल्लक राहत नाही. मात्र वाफेत सगळेच जिवाणू मरत नाहीत. काहींची बीजाणुरूपे तग धरतात आणि पाणी व ऊब मिळताच पुन्हा जागी होतात. बुरशीला तर जिवाणूंपेक्षाही कमी ओलावा पुरतो. त्यामुळे साठवणीत सर्वांत जास्त जपायचे ते पाण्यापासून.

हे पाणी बहुतेक वेळा बाहेरून येत नाही, ते झाकणाखालीच तयार होते. वाफवून उतरवलेले पुडिंग गरम असतानाच घट्ट गुंडाळले की आतली वाफ कागदाला लागून थंडावते, थेंब धरते आणि थेंब वरच्या थरावर ओघळतात. साखर तिथे पातळ होते आणि बुरशीला नेमकी तीच जागा सापडते. दीड लिटरच्या वाडग्याला बाहेरून हात लावला तर तो गार लागतो, पण गाभा कितीतरी वेळ कोमट असतो. पूर्ण निवेपर्यंत थांबावेच लागते. मग वाफेने भिजलेला कागद आणि दोरा काढून टाकावा, वाडग्याची कड कोरड्या फडक्याने पुसावी आणि नवा बटर पेपर घालून त्यावर फॉइल बांधावी. कागद मध्ये हवाच, कारण फळांतल्या आंबटपणाने फॉइलला छिद्रे पडतात. कागदाला मधोमध एक चुणी घालण्याची पद्धत आहे. पुन्हा वाफवताना पुडिंग फुगले तर त्याला जागा मिळते. मुरत असताना वरून ब्रँडी पाजायची असेल तर चमचा स्वच्छ आणि ठणठणीत कोरडा असावा, आणि झाकण वरचेवर उघडू नये.

जागा गार, कोरडी, अंधारी आणि तापमान फारसे न बदलणारी हवी. विलायतेतल्या घरांत वापरात नसलेल्या खोलीतले कपाट चालते. बॉयलरजवळचे, रेडिएटरला लागून असलेले किंवा ओव्हनवरचे फडताळ मात्र टाळावे. मुंबई-गोव्याकडच्या दमट हवेत, जिथे डिसेंबरातही दुपारी पारा तिशीला टेकतो, पुडिंग फ्रिजमध्येच ठेवणे शहाणपणाचे. जुन्या रीतीप्रमाणे फडक्यात बांधून टांगलेले पुडिंग तर अशा हवेत ठेवूच नये, ओलसर कापडावर बुरशी फार लवकर धरते.

महिनाभर बाहेर ठेवण्याची मुभा फक्त भरपूर सुका मेवा आणि साखर असलेल्या पारंपरिक पुडिंगला आहे. साखर कमी केलेली, ताजे सफरचंद किंवा किसलेले गाजर सढळ हाताने घातलेली पुडिंगे ओली असतात. ती निवताच ५ अंश सेल्सिअस किंवा त्याखालच्या फ्रिजमध्ये न्यावीत आणि लगेच खायची नसतील तर गोठवावीत. गोठवलेले पुडिंग आदल्या दिवशी फ्रिजमध्येच वितळू द्यावे.

उघडल्यावर वर पांढरे दिसले म्हणून घाबरू नये, पण नीट पाहावे. साखरेचे स्फटिक कडक व कणीदार असतात, चरबीचा थर मेणासारखा गुळगुळीत. लव असलेला पांढरा, हिरवट किंवा करडा डाग ही बुरशी. तेवढाच भाग खरवडून बाकीचे वाढणे धोक्याचे, कारण बुरशीचे तंतू आणि विषद्रव्ये डोळ्यांना दिसतात त्याहून आत पोचलेली असू शकतात. शंका असेल तर सगळे टाकून द्यावे, मेव्यावर कितीही खर्च झाला असला तरी.

वाढण्याच्या दिवशी पुडिंग साधारण दोन तास पुन्हा वाफवतात. गाभ्यात ७० अंश तापमान निदान दोन मिनिटे राहिले पाहिजे. मायक्रोवेव्ह वापरायचा तर फॉइल आणि आत नशिबाचे म्हणून घातलेले नाणे आधी काढावे, आणि थोडे-थोडे करूनच तापवावे. साखर, चरबी आणि मद्य अति तापले की पेट घेऊ शकते. उरलेले पुडिंग दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये जावे आणि दोन दिवसांत संपावे. सोबतचे कस्टर्ड दूध-अंड्यांचे, ते पुडिंगच्या भरवशावर टेबलावर राहू देऊ नये.