वाचकांचे प्रश्न : लोगो आमचा, नोटीसही आम्हालाच

प्रश्न : आमची डहाणूत नोंदणीकृत पतसंस्था आहे. तारपा नाचाचं वर्तुळ आणि मधोमध नाणं, हा लोगो आम्ही वीस वर्षांहून जास्त काळ पाटीवर, पासबुकावर, पिग्मी कार्डावर वापरतो. आता तलासरी नाक्यावर एका निधी कंपनीने शाखा उघडली आहे आणि तिचा लोगो जवळजवळ तसाच आहे. तिचे एजंट बाजारात दुकानदारांकडून रोजची ठेव गोळा करतात. आम्ही तोंडी हरकत घेतली, तर त्यांच्याच वकिलाची नोटीस आली : ‘ट्रेडमार्कचा अर्ज आम्ही केला आहे, पंधरा दिवसांत लोगो काढा.’ एक ऑनलाइन सल्लागार दोन दिवसांत आमचाही अर्ज भरून देतो म्हणतात. नुकसानभरपाईचा दावा किती लाखांचा लावावा? – सचिव, डहाणू

उत्तर : सचिव महोदय, लाखांचा आकडा तूर्त बाजूला ठेवा. तुमच्या पत्रात खरी धास्ती वेगळीच दिसते. त्या एजंटाला तुमचा माणूस समजून लोक पैसे देतील, उद्या कंपनीने गाशा गुंडाळला की तेच लोक तुमच्या दारात उभे राहतील. ही धास्ती रास्त आहे. पतसंस्थेतल्या ठेवींना बँकेसारखं पाच लाखांचं विम्याचं कवच नसतं, त्यामुळे नुसत्या कुजबुजीनेही ठेवी काढायला रांग लागते.

म्हणून पहिलं काम ठेवीदारांचं. संस्थेच्या फलकावर आणि प्रत्येक पिग्मी ग्राहकाच्या हातात सूचना द्या : त्या कंपनीशी आमचा संबंध नाही, आमचे एजंट हे, पावतीशिवाय पैसे देऊ नका. सूचनेत त्यांना चोर, लबाड म्हणू नका, नाहीतर बदनामीचं प्रकरण गळ्यात पडेल. सहकार खात्याच्या सहायक निबंधकांनाही लेखी कळवून पोच घ्या. निधी कंपनीला ठेव फक्त सभासदांकडून घेता येते. सभासद न करताच बाजारात पैसे गोळा होत असतील, तर कंपनी निबंधकांकडे तक्रार करा.

आता नोटीस. अर्ज करणं म्हणजे नोंदणी मिळणं नव्हे. नावाच्या कोपऱ्यात ‘टीएम’ कोणीही लिहू शकतो. शिवाय ट्रेड मार्क्स कायदा, 1999 च्या कलम 34 नुसार, जो आधीपासून सलग वापरतो आहे त्याला नंतर आलेला नोंदणीधारकही थांबवू शकत नाही. तुमची बाजू बळकट आहे, पण ती कागदावर सिद्ध करावी लागेल.

आणि इथेच तो सापळा आहे, ज्यात चांगल्या चांगल्या संस्था बुडताना मी पाहिल्या आहेत. अर्जात एक रकाना असतो : चिन्ह कधीपासून वापरात आहे? जुनी तारीख लिहिली तर प्रतिज्ञापत्र आणि पुरावे जोडावे लागतात. घाईतल्या सल्लागाराला ती कटकट नको असते. तो ‘वापरण्याचा मानस आहे’ असा पर्याय निवडतो आणि अर्ज दोन दिवसांत भरून मोकळा होतो. तुम्ही मात्र स्वतःच्या सहीने सरकारला कळवलेलं असतं की आजवर हे चिन्ह आम्ही वापरलंच नाही! वीस वर्षांचा हक्क तुम्ही एका ओळीत सोडून दिलात. पुढे ती तारीख मागे नेऊ द्यायला ट्रेडमार्क निबंधक सहसा तयार होत नाहीत, आणि समोरचा वकील न्यायालयात तीच ओळ वाचून दाखवतो. अर्ज सादर होण्याआधी तो रकाना स्वतः वाचा. सल्लागार ‘चालतं हो’ म्हणाले, तर सल्लागार बदला.

पुरावा म्हणजे लोगो आणि तारीख एकाच कागदावर. नुसता ऑडिट रिपोर्ट पुरत नाही, त्यात बहुधा संस्थेचं नावच असतं. जुनी पासबुकं, शिक्के मारलेली पिग्मी कार्डं, वार्षिक सभेचे छापील अहवाल, छापखान्याची बिलं शोधा. जुन्या सभासदांच्या घरी कपाटात पासबुक नक्की सापडेल. दप्तराची रद्दी सध्या अजिबात विकू नका. कोणी चुकून तुमच्याकडे त्यांची पावती घेऊन आलं, तर तारीख, नाव आणि सही घेऊन ठेवा.

अर्ज संस्थेच्याच नावाने, संचालक मंडळाच्या ठरावासह करा, अध्यक्षांच्या नावाने नको. मंडळ बदललं की त्यातून दुसरं भांडण उभं राहतं. वित्तीय सेवांचा वर्ग 36. ऑनलाइन अर्जाची सरकारी फी एका वर्गाला 9,000 रुपये आहे, लघुउद्योगाच्या व्याख्येत बसलात तर 4,500.

तारप्याच्या वर्तुळावर मक्तेदारी मात्र सांगू नका. ती वारल्यांची कला आहे, 2014 मध्ये वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकनही मिळालं आहे. तुमचा दावा वर्तुळ, नाणं, रंग आणि अक्षरं यांच्या एकत्र मांडणीवर असला पाहिजे. फोनपेने ‘पे’ या तुकड्यावरून भारतपेविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात दाद मागितली, तेव्हा एप्रिल 2021 मध्ये अंतरिम मनाई मिळाली नाही. चिन्ह अखंड बघायचं, त्याच्या तुकड्यावर हक्क नाही, असं न्यायालयाचं म्हणणं होतं. भारतपेच्याच ‘पोस्टपे’वरून फोनपे मुंबई उच्च न्यायालयात गेल्यावरही 2023 मध्ये तेच झालं. मे 2024 मध्ये दोघांनी तडजोड केली. एवढ्या मोठ्या कंपन्यांची ही गत, तर तुम्ही लाखांच्या आकड्यापासून सुरुवात का करता?

बाकीचे पर्याय : गुपचूप लोगो बदलणं म्हणजे हार मानणं. दोघांनी मिळून वापरायचा करार नको. पोलिसांकडे आत्ता धाव घेऊन हाती काही लागणार नाही. नोटिशीला मात्र मुदतीत, वकिलामार्फत उत्तर द्या. कोणत्याही हमीपत्रावर सही करू नका.

आणि आज संध्याकाळीच ट्रेडमार्क नोंदणी कार्यालयाच्या संकेतस्थळावर त्यांच्या अर्जाची स्थिती बघा, कारण त्यावर हरकत तिथेच घेता येते. पेपालने पेटीएमच्या लोगोतल्या निळ्या छटांवर 2016 मध्ये हरकत घेतली ती याच कार्यालयात. अर्ज ट्रेडमार्क जर्नलमध्ये प्रसिद्ध झाला की हरकतीला चार महिने मिळतात, ऑनलाइन फी 2,700 रुपये. ही मुदत वाढवून मिळत नाही.