फटक्याआधीचे पाऊल

ग्रामीण भागातील शाळांच्या मैदानांवर सायंकाळी क्रिकेटचा डाव रंगला की एक दृश्य हमखास पाहावयास मिळते. फिरकी चेंडू येत असतो, फलंदाज विद्यार्थी त्वेषाने पुढे धावतो, बॅट जोराने फिरवतो आणि चेंडू मागे यष्टिरक्षकाच्या हाती विसावतो. विद्यार्थी यष्टिचीत होतो. ‘पुढे येऊ नकोस’ अशी त्याला तंबी मिळते आणि त्यानंतर कित्येक दिवस तो क्रीझमध्येच खिळून राहतो. वस्तुतः दोष पुढे येण्यात नसतो. तो पावले टाकण्याच्या रीतीत असतो. ही रीत शिकविता येते व तिला खर्चही लागत नाही. तथापि, आपल्याकडे फलंदाजी शिकविताना बॅट कशी धरावी यावर जेवढा वेळ दिला जातो, त्याच्या निम्माही पायांना दिला जात नाही.

पुढे सरसावण्याचे फळ आणि त्यात चुकल्याची शिक्षा, या दोहोंची ठळक उदाहरणे इंदूरच्या क्रिकेटने देशापुढे ठेवली आहेत.

नागपूर येथे १८९५ साली जन्मलेले सी. के. नायडू हे १९२३ मध्ये तुकोजीराव होळकर यांच्या निमंत्रणावरून इंदूरला आले व तेथीलच झाले. १ डिसेंबर १९२६ रोजी मुंबईच्या जिमखाना मैदानावर हिंदू संघाकडून खेळताना त्यांनी ऑर्थर गिलिगन यांच्या एम.सी.सी. संघाविरुद्ध १५३ धावा काढल्या. त्यात अकरा षटकार होते. पुढे १९३२ च्या जूनमध्ये लॉर्ड्सवर भारत पहिला कसोटी सामना खेळला, तेव्हा संघाचे नेतृत्व त्यांच्याकडेच होते. उंचीचा लाभ त्यांना होता, मनगटात ताकदही होती. पण पाहणाऱ्यांच्या लक्षात राहिले ते चेंडूच्या टप्प्यापर्यंत झेपावणारे त्यांचे पाऊल. त्यांच्या कारकिर्दीत होळकर संघाने चार वेळा रणजी करंडक जिंकला. १९४५-४६ च्या हंगामात इंदूर येथे म्हैसूरविरुद्ध या संघाने ८ बाद ९१२ धावांचा डोंगर रचला. त्या एका डावात सहा शतके झाली. शतकवीरांत चंदू सरवटे, भाऊसाहेब निंबाळकर, माधवसिंह जगदाळे यांच्यासह पन्नाशी गाठलेले नायडूही होते. या वयात दृष्टी व चपळता कमी होते हे सर्वांना ठाऊक आहे. योग्य वळण लागलेली पावले मात्र लवकर साथ सोडीत नाहीत.

दुसरे उदाहरण जानेवारी १९८८ मधील आहे. इंदूरमध्ये घडलेला लेगस्पिन गोलंदाज नरेंद्र हिरवाणी याने चेन्नई येथे वेस्ट इंडिजविरुद्ध आपल्या पहिल्याच कसोटीत ६१ धावांत ८ व ७५ धावांत ८, असे एकूण १६ बळी मिळविले. खेळपट्टी फिरकीला अनुकूल होती हे खरे. परंतु त्याच सामन्यात बडोद्याचा यष्टिरक्षक किरण मोरे याने सहा फलंदाजांना यष्टिचीत केले, त्यांपैकी पाच एकाच डावात, ही गोष्ट विशेष बोलकी आहे. वेगवान गोलंदाजीला न डगमगणारे ते फलंदाज पुढे आले, पण चेंडूपर्यंत पोहोचले नाहीत. अर्धवट पुढे येणे हे मुळीच न येण्यापेक्षा घातक ठरते.

मुळात फलंदाजाने पुढे यावयाचे कशासाठी? जोर मिळावा म्हणून, असे बहुतेक मुले सांगतील. खरे कारण निराळे आहे. फिरकी चेंडू टप्पा पडल्यानंतर वळतो. टप्पा पडताक्षणीच तो गाठला तर वळण्यास त्याला वाव राहत नाही. ताशी ८० किलोमीटर वेगाने सुटलेला चेंडू एका सेकंदात सुमारे २२ मीटर अंतर कापतो आणि दोन्ही बाजूंच्या यष्टींमधील अंतर अवघे २०.१२ मीटर आहे. म्हणजे निर्णय, पावले आणि फटका हे सारे जेमतेम सेकंदभरात उरकावे लागते. एवढ्या अवधीत धावत सुटण्यास सवड नसते. म्हणून ही धाव नव्हे. ती मोजकी पावले होत.

उजव्या हाताने खेळणाऱ्या विद्यार्थ्याचा विचार करू. दोन्ही पाय खांद्याइतके अंतर ठेवून, गुडघे किंचित सैल आणि शरीराचा भार चवड्यांवर, असा पवित्रा असावा. चेंडू गोलंदाजाच्या हातून सुटल्यावर प्रथम डावे पाऊल टप्प्याच्या दिशेने टाकावे. हे पाऊल आखूडच हवे. त्यानंतर उजवे पाऊल डाव्याच्या मागून ओलांडून पुढे यावे. येथेच बहुसंख्य विद्यार्थी चुकतात. उजवे पाऊल डाव्याच्या पुढून आले की छाती गोलंदाजाकडे वळते, खांदा उघडा पडतो आणि बॅट सरळ रेषेत न येता आडवी येते. शेवटी डावे पाऊल पुन्हा पुढे, टप्प्याच्या शेजारी, गुडघा वाकवून भक्कम टेकवावे. ते टेकल्यावरच बॅट चेंडूवर यावी. पाऊल हवेत असताना मारलेला फटका हाताच्या बळावर जातो, आणि तो बहुधा झेल होऊनच परततो. डोके या सर्व काळात एकाच पातळीवर राहिले पाहिजे. पाण्याने भरलेली कळशी डोक्यावर घेऊन चालणाऱ्या बाईची मान जशी स्थिर असते, तशी.

मागून पाऊल ओलांडण्याची ही युक्ती केवळ क्रिकेटची नाही. अमेरिकेत १९७० च्या दशकात रूढ झालेल्या डिस्क गोल्फ या खेळात प्लॅस्टिकची चपटी तबकडी दूरवर उभ्या केलेल्या साखळ्यांच्या टोपलीत कमीत कमी फेकींत टाकावयाची असते. लांब पल्ल्याच्या फेकीस तेथेही ‘ड्राइव्ह’ असेच म्हणतात. ती फेकताना खेळाडू मागचे पाऊल पुढच्या पावलाच्या मागून नेतो, पुढचे पाऊल घट्ट रोवतो आणि मगच कंबर, खांदा व हात क्रमाने फिरवितो. भालाफेकीतही अखेरची पावले अशीच तिरकी पडतात. फरक एवढाच, की फेकणारा आपल्या सवडीने निघतो आणि त्याची पावले फेकीला वेग पुरवितात. फलंदाजाची वेळ मात्र गोलंदाज ठरवितो. त्यामुळे चेंडू सुटण्यापूर्वीच पुढे निघालेला फलंदाज आपला बेत स्वतःच जाहीर करतो. चाणाक्ष गोलंदाज अशा वेळी टप्पा आखूड ठेवतो अथवा चेंडू बाहेरून काढतो. निघाल्यावर चेंडू आवाक्यात येत नाही असे दिसले तर फटक्याचा हट्ट सोडावा व सरळ बॅटने चेंडू अडवावा. हा विवेक शिकविणे सर्वांत कठीण आहे, कारण भोवताली उभी असलेली मंडळी षटकारासाठी ओरडत असतात.

खो-खो व कबड्डी खेळणाऱ्या मुलांना हे पदलालित्य लवकर साधते. तेव्हा क्रिकेटपायी या खेळांचा तास बंद करणाऱ्या शाळा स्वतःचेच नुकसान करून घेतात.

सरावासाठी महागडे साहित्य लागत नाही. यष्टींपासून १.२२ मीटरवर फक्कीने क्रीझ आखावी. पहिला आठवडा चेंडूच देऊ नये. शिक्षकांनी एक, दोन, तीन असे अंक मोजावेत व विद्यार्थ्यांनी पावले टाकावीत. नंतर पाच-सहा मीटरवरून खालच्या हाताने हळू चेंडू टाकावा, टप्पा मुद्दाम मागेपुढे ठेवावा, आणि कोणत्या चेंडूला पुढे यावयाचे व कोणत्याला नाही हे विद्यार्थ्यालाच ठरवू द्यावे. यष्टींमागे एक मुलगा उभा असलाच पाहिजे, अन्यथा चुकीची किंमत कळत नाही. बॅट किंवा पाय क्रीझच्या आत जमिनीला टेकलेला हवा. रेषेवर असलेला पाय आत धरला जात नाही, हा नियमही याच वेळी समजावून द्यावा. काथ्याच्या मॅटवर सराव असल्यास मॅटच्या कडा खिळ्यांनी पक्क्या कराव्यात. सैल कडेत पाय अडकून घोटा मुरगळतो.

मैदान मातीचे असेल तर ती अडचण न मानता तिचा उपयोग करून घ्यावा. सायंकाळी खेळपट्टीवर हलका सडा मारावा आणि प्रत्येक विद्यार्थ्याची पावले उमटू द्यावीत. टाच खोल रुतलेली दिसली तर भार मागे राहिला. चवडा खोल असेल तर तो पुढे आला. उजव्या पावलाचा ठसा डाव्याच्या मागून गेला की पुढून, हेही तेथेच दिसते. विद्यार्थ्याला वाकून आपले ठसे पाहू द्यावेत आणि मग पाण्याचा दुसरा हात मारून पुढच्या मुलाला बोलवावे.