वादळ ओसरल्यावर

शिरूर व दौंड ही गावे समुद्रापासून दूर. तेथील मनुष्यास समुद्री वादळाशी काय कर्तव्य, असे पुष्कळांस वाटते. ह्याचे उत्तर सन २०२० ने दोन वेळा दिले. त्या वर्षी ३ जून रोजी 'निसर्ग' नावाचे चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर चढले. तेव्हा वाऱ्याचा वेग ताशी ११० ते १२० किलोमीटर होता. पुढे ते पुणे जिल्ह्यावरून ईशान्येस गेले, आणि मावळ, मुळशी, खेड, जुन्नर ह्या भागांत घरांचे पत्रे उडाले व विजेचे खांब मोडले. पुढे १३ ऑक्टोबर रोजी बंगालच्या उपसागरातील वादळी पाऊस काकीनाड्याजवळ जमिनीवर आला, आणि दुसऱ्याच दिवशी दौंड, बारामती व इंदापूर येथे त्याने कहर केला. दौंड तालुक्यात खानोट्याजवळ ओढ्याच्या पुरात माणसे वाहून गेली. उभी पिके आडवी झाली.

असे होण्याचे कारण समजून घ्यावे. चक्रीवादळ उष्ण समुद्राच्या वाफेवर पोसते. जमिनीवर आल्यावर ही शिदोरी तुटते व वारा मंदावतो. परंतु ढगांतले पाणी त्याच्याबरोबर शेकडो मैल चालत येते. म्हणून घोड व भीमा ह्या नद्यांच्या काठी राहणाऱ्यांस वाऱ्याहून पाण्याचे भय अधिक.

वादळ एका दिवसात जाते. त्याच्या मागची कामे महिनोन्‌महिने पुरतात. त्यांचा क्रम आम्ही येथे सांगतो.

पहिले काम जीवाचे. तुटून पडलेल्या तारेजवळ मनुष्याने जाऊ नये व जनावरास जाऊ देऊ नये. वीज बंद केली आहे असे महावितरणच्या माणसाने सांगेपर्यंत ती जिवंतच समजावी. पुलावरून पाणी वाहत असता तो ओलांडू नये, कारण खालचा रस्ता शाबूत आहे किंवा नाही हे वरून दिसत नाही. विहिरीत पुराचे पाणी शिरले असल्यास ग्रामपंचायतीकडून टी. सी. एल. पावडर योग्य मापाने टाकून घ्यावी, आणि तोवर पाणी उकळूनच प्यावे.

दुसरे काम नोंदीचे. पडझड उचलण्यापूर्वी तिची छायाचित्रे घ्यावी, आणि तलाठी, ग्रामसेवक व कृषी सहायक ह्यांस कळवून पंचनामा करून घ्यावा. ह्या पदांची सरकारी नावे अलीकडे बदलली, तरी गावात हीच चालतात. पंचनाम्याचे महत्त्व आकड्यांवरून कळेल. 'निसर्ग' वादळानंतर पूर्ण पडलेल्या घरास ९५,१०० रुपयांऐवजी १,५०,००० रुपये देण्याचे राज्य सरकारने ठरविले. ऑक्टोबरच्या नुकसानीस जिरायत व बागायत पिकांकरिता हेक्टरी १०,००० रुपये आणि फळबागेस २५,००० रुपये, दोन हेक्टरांपर्यंत, असे जाहीर झाले. ज्याची नोंद झाली नाही त्यास ह्यातले काही मिळणे कठीण.

तिसरे काम ह्यातूनच निघते, आणि आमच्या मते तेच सर्वांत अवघड आहे. पिकाचा पंचनामा सातबाऱ्याच्या आधाराने होतो. पण ज्याचे नाव सातबाऱ्यावर नाही त्याचे काय? वाटेकऱ्याने बियाणे घातले, घाम गाळला. मदत मात्र मालकाच्या खात्यात जाते. ऊसतोडीस बाहेरून आलेले कुटुंब कोपीत राहते. कोपी वाहून गेली तर गावच्या कोणत्याच वहीत तिची खूण उरत नाही. १ व २ डिसेंबर २०२१ च्या अवकाळी पावसात व गारठ्यात पुणे जिल्ह्यात मेंढपाळांची शेकडो मेंढरे मेली. त्यांचे मालक तर एका गावी स्थिर राहणारेच नव्हते. आणि रोजावर खुरपणीस जाणाऱ्या बाईचे शेत बुडत नाही, पण तिची मजुरी बुडते.

'तो आपल्या गावचा नव्हे' हे बोलणे अशा वेळी सहज तोंडी येते. परंतु पुराने गाव विचारून कोणास नेले नाही. म्हणून पुढील गोष्टी आधीच ठरवाव्या. मालक व वाटेकरी ह्यांनी पेरणीच्या वेळीच, दोन साक्षीदारांसमक्ष, मदत आल्यास ती कशी वाटावी हे कागदावर लिहावे. कोपीतल्या कुटुंबांस रात्री कोणत्या पक्क्या इमारतीत न्यावयाचे हे गावाने नेमून ठेवावे. मेलेली मेंढरे पुरण्यापूर्वी पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांस दाखवून पंचनामा करावा. मेंढपाळास हे ठाऊक नसेल तर कोणी शिकलेल्याने त्याच्याबरोबर जावे. उपदेशकांस व शाळामास्तरांस अर्ज लिहिता येतो. तो एक अर्ज कित्येकदा धान्याच्या पोत्याहून अधिक उपयोगी पडतो.

सभेत विचारण्याचे प्रश्न:

१. आपल्या गावात सातबाऱ्यावर नाव नसलेली किती घरे आहेत? त्यांची यादी कोणापाशी आहे?

२. पूर आल्यास ओढ्याकाठच्या कोपीपर्यंत रात्री निरोप कोण नेईल?

३. मागच्या वादळाची मदत ज्याने पीक काढले त्यास पोहोचली काय? नसल्यास, मालकाशी बोलावयास कोण जाईल?