कुत्र्याला किती वाढावे?

मुलांनो, पिशवीवर छापलेले माप हा नुसता अंदाज. आपण आधी बरगड्या चाचपू. स्वतःच्या हाताच्या पाठीवरून बोट फिरवल्यावर हाडे जशी लागतात, तशा लागल्या तर वजन ठीक. मुठीच्या उंचवट्यांसारख्या टोचल्या तर कुत्रा रोड. तळहातासारखे मऊ लागले तर लठ्ठ.

आता गणित. आमचा कुत्रा १६ किलोचा. १६ चा घन ४०९६, त्याचे वर्गमूळ ६४, पुन्हा वर्गमूळ ८. त्याला ७० ने गुणले की ५६० किलोकॅलरी. या नुसत्या पडून राहण्यापुरत्या. नसबंदी झालेल्या मोठ्या कुत्र्याला साधारण १.६ पट, म्हणजे सुमारे ९००. (पिल्लांचा हिशेब वेगळा.) आजीने टेबलाखालून सरकवलेली पोळीही यातच धरायची! शिऱ्यातले बेदाणे आणि कांदा मात्र मुळीच नाही, ते कुत्र्याला विषारी. दोन आठवड्यांनी पुन्हा बरगड्या चाचपू आणि वाटी कमीजास्त करू.