सबंध शिवार एका फोटोत : ड्रोनसाठी मोबाईलचं ॲप कसं निवडावं?



आपल्या कार्यक्षेत्रात आता लग्नाच्या वरातीपासून औषध फवारणीपर्यंत ड्रोन दिसू लागलं आहे. फवारणीचं मोठं ड्रोन हा वेगळा विषय आहे. आज बोलायचं ते तळहातावर मावणाऱ्या, कॅमेऱ्याच्या लहान ड्रोनविषयी. कुणाच्या मुलाने ते हौसेने घेतलं आहे, कुठे भावाभावांनी मिळून घेतलं आहे. घेतल्यावर पहिला प्रश्न ठरलेला : "सबंध शिवार एका फोटोत यायला पाहिजे. त्यासाठी मोबाईलमध्ये कोणतं ॲप टाकावं?"

याचं एका नावात उत्तर देता येत नाही. बैल घेताना आपण नुसता रंग बघत नाही. दात बघतो, खूर बघतो, औताला जुंपून बघतो. ॲप घेतानाही तीन गोष्टी बघाव्या लागतात : आपलं काम कोणतं, आपलं यंत्र कोणतं, आणि ॲप मूळ फोटो आपल्या हातात देतं का. या तिन्हींचा क्रमाने विचार करू.

१. चौफेर फोटो तयार कसा होतो?

इंग्रजीत ज्याला पॅनोरमा म्हणतात त्याला आपण चौफेर फोटो म्हणू. तो एका दमात निघत नाही. ड्रोन हवेत एका जागी थांबतं, थोडं थोडं वळतं आणि प्रत्येक वळणाला एक फोटो घेतं. मग ॲप ते फोटो गोधडीच्या तुकड्यांसारखे एकमेकांना जोडतं. गोधडी शिवताना तुकड्याची कड दुसऱ्या तुकड्यावर चढवावी लागते, तसंच इथं. शेजारच्या दोन फोटोंत साधारण तिसरा हिस्सा भाग सारखा असावा, तरच सांधा नीट बसतो.

हिशेब सोपा आहे. लहान ड्रोनच्या कॅमेऱ्यात आडवा सुमारे ७० अंशांचा भाग मावतो. दर ४५ अंशांना एक फोटो घेतला तर पूर्ण फेरीला ८ फोटो लागतात. कॅमेरा समोर, थोडा खाली आणि आणखी खाली अशा तीन फेऱ्या केल्या की झाले २४. शेवटी सरळ पायाखालचे एक-दोन. म्हणजे पूर्ण गोल फोटोला पंचवीसेक फोटो लागतात. हे काम एक-दोन मिनिटांत ॲप आपोआप करून घेतं. हाताने करायला गेलं तर एखादा कोपरा राहतोच. ॲप हवं ते एवढ्यासाठीच.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवावी. ड्रोनचा कॅमेरा सरळ वर बघू शकत नाही. त्यामुळे गोल फोटोत डोक्यावरचं जे आभाळ दिसतं, ते पुष्कळदा ॲपने रंग भरून पूर्ण केलेलं असतं.

२. पहिला प्रश्न : काम कोणतं?

दहा महिन्यांच्या आडसाली उसात आत माणूस शिरत नाही. बांधावरून फिरलं तर कडेच्या चार सऱ्या दिसतात आणि आपण म्हणतो, फड झकास आहे. आत कुठे ऊस लोळला, कुठे पाणी साचून पिवळा पडला, कुठे हुमणीने बेटंच्या बेटं वाळवली, कुठे रानडुकरांनी चक्क मैदान केलं, हे वरूनच कळतं. तोडणीआधी गाडी कोणत्या बांधाने आत घ्यायची, ओढ्याचं पाणी कुठून फुटून रानात शिरतं, हेही चौफेर फोटोत एका नजरेत समजतं. १ आणि २ सप्टेंबर २०२४ ला हिंगोली जिल्ह्यात अतिवृष्टी झाली आणि शिवारंच्या शिवारं पाण्याखाली गेली. अशा वेळी पाणी कुठवर चढलं होतं याचा तारखेसह फोटो जवळ असला तर चार माणसांना सांगणं सोपं जातं.

पण चौफेर फोटो दाखवतो, मोजत नाही. या लेखातलं एवढं एकच वाक्य लक्षात राहिलं तरी पुरे.

का मोजत नाही, ते बघा. ड्रोन ४० मीटर उंचीवर आहे. बरोबर त्याच्या खालचं बेट कॅमेऱ्यापासून ४० मीटरवर. पण जमिनीवर २०० मीटर लांब असलेलं बेट कॅमेऱ्यापासून सुमारे २०४ मीटरवर पडतं. म्हणजे ते रुंदीला पाचपट लहान दिसणार. शिवाय ती जमीन तिरपी दिसते, म्हणून समोरच्या दिशेची लांबी पंचवीसपट आखडते. जवळचा गुंठा ताटाएवढा दिसेल तर लांबचा गुंठा पापडाच्या तुकड्याएवढाही दिसणार नाही. अशा फोटोवर पट्टी ठेवून "निम्मा फड लोळला" असं कुणी म्हणत असेल तर तो अंदाज आहे, माप नव्हे. कोपऱ्यातला थोडा लोळलेला ऊस जवळ असल्यामुळे निम्मा फड वाटू शकतो, आणि लांबचं एकराचं नुकसान एका रेघेत दडून जातं.

मोजायचं असेल तर रीत वेगळी. ड्रोन सरळ रेषांत मागे-पुढे फिरवायचं, कॅमेरा सरळ खाली ठेवायचा, फोटोंवर फोटो भरपूर चढवायचे आणि जमिनीवरच्या पक्क्या खुणांशी ते जुळवायचे. २४ एप्रिल २०२० ला सुरू झालेल्या केंद्राच्या स्वामित्व योजनेत गावठाणाची मोजणी ड्रोनने होते, ती याच पद्धतीने, आणि भारतीय सर्वेक्षण विभागाच्या देखरेखीखाली. त्याची ॲपंही निराळी असतात. तेव्हा उसाच्या नोंदीचं क्षेत्र असो की बांधाचा वाद असो, चौफेर फोटो पुढे करून निकाल मागू नये. नुकसानीचा पंचनामाही महसूल, कृषी आणि ग्रामपंचायतीच्या कर्मचाऱ्यांनी जागेवर करायचा असतो. आपला फोटो त्यांना जागा दाखवायला उपयोगी पडेल, पंचनाम्याच्या जागी चालणार नाही.

३. दुसरा प्रश्न : यंत्र कोणतं?

ड्रोन आणि ॲप यांचं कुलूप-किल्लीसारखं नातं असतं. एकाची किल्ली दुसऱ्याला लागत नाही. आपल्याकडे जास्त दिसणाऱ्या डीजेआय कंपनीच्या लहान ड्रोनला तिचंच डीजेआय फ्लाय हे ॲप लागतं. पण तिथंही फरक आहे. २०१९ च्या मॅव्हिक मिनीत चौफेर फोटोची तयार सोय नव्हती. २०२० च्या मिनी २ मध्ये ती आली : पूर्ण गोल, १८० अंशांचा आणि रुंद असे तीन प्रकार. म्हणून पहिलं काम हे, की आपल्या ड्रोनच्या मूळ ॲपमध्ये ही सोय आहे का ते उघडून पाहावं. असली तर बाहेरच्या ॲपला पैसे घालायची बहुतेकांना गरजच नाही.

नसली, किंवा दर महिन्याला त्याच ठिकाणाहून फोटो हवा असला, तर लिची किंवा ड्रोनलिंक अशी बाहेरची ॲपं मिळतात. त्यांत जागा आणि उंची नोंदवून ठेवता येते, पुढच्या खेपेला ड्रोन तिथंच जाऊन थांबतं. पण ड्रोनच्या कंपनीने परवानगीची कळ दिली असेल तेवढ्याच ड्रोनवर ती चालतात. पैसे भरण्याआधी या गोष्टी तपासाव्या :

(अ) ॲपच्या यादीत आपल्या ड्रोनचं नाव अक्षरशः आहे का? 'मिनी', 'मिनी २' आणि 'मिनी ३' ही तीन वेगळी यंत्रं आहेत.

(आ) आपला मोबाईल त्या यादीत बसतो का? अँड्रॉइड आणि आयफोन यांची यादी सारखी असेलच असं नाही.

(इ) रिमोटलाच पडदा असेल तर त्यावर बाहेरचं ॲप बसतं का? पुष्कळदा बसत नाही.

(ई) ॲपमध्ये शेवटची सुधारणा केव्हा झाली? वर्षानुवर्षं हात न लावलेलं ॲप नव्या मोबाईलवर ऐन वेळी दगा देतं.

डीजेआय फ्लाय अँड्रॉइड मोबाईलसाठी कंपनीच्या संकेतस्थळावरून उतरवून घ्यावं लागतं. व्हॉट्सॲपवर कुणी धाडलेल्या दुव्यावरून घेऊ नये. दोन ॲपं टाकली असतील तर उडवताना एकच चालू ठेवावं, दुसरं पूर्ण बंद करावं. एका बैलाला दोन कासरे दोघांनी धरले की काय होतं ते आपल्याला सांगायला नको.

४. तिसरा प्रश्न : ॲप आपल्या हातात काय देतं?

पडद्यावर सुंदर चित्र सगळीच ॲपं दाखवतात. खरी परीक्षा पुढच्या चार गोष्टींची.

एक, मूळ फोटो. जोडलेल्या चित्राबरोबर ते पंचवीस सुटे फोटो कार्डावर राहतात का? मोबाईलवर जोडलेलं चित्र पुष्कळदा लहान केलेलं असतं. सुटे फोटो असतील तर घरच्या संगणकावर ह्युगिनसारख्या मोफत प्रोग्रॅमने ते पुन्हा पूर्ण मापात जोडता येतात. शिवाय कुणी शंका काढली तर दाखवायला मूळ पुरावा राहतो. जोडताना सांध्याजवळचा ऊस कधी दुहेरी दिसतो, कधी गायब होतो. सुटा फोटो तसं करत नाही. काही ॲपांत ही सोय आधी चालू करावी लागते, तेवढं सेटिंगमध्ये बघून घ्यावं.

दोन, उजेड बांधून ठेवण्याची सोय. ड्रोन उन्हाकडे वळलं की कॅमेरा आपोआप फोटो काळसर करतो, सावलीकडे वळलं की उजळ करतो. मग हिरवा ऊस एका पट्ट्यात काळा आणि शेजारी पिवळा दिसतो, आणि रोग नसताना रोग वाटतो. उजेड आणि रंग एकदा ठरवून सगळ्या फोटोंना तेच राहतील अशी सोय ॲपमध्ये हवी.

तीन, तारीख आणि ठिकाण फोटोबरोबर राहणं. व्हॉट्सॲपवर साधा फोटो धाडला की तो दाबून लहान होतो आणि आतली माहिती निघून जाते. धाडायचाच तर 'डॉक्युमेंट' म्हणून धाडावा, आणि मूळ प्रत घरी जपावी.

चार, काम अर्ध्यावर थांबवता येणं. वारा सुटला, पक्षी अंगावर आला, बॅटरी उतरली, तर एका कळीत ड्रोन परत बोलावता आलं पाहिजे.

५. उडवताना

चौफेर फोटोला ४० ते ६० मीटर उंची आपल्या शिवाराला पुरते. फार खाली राहिलं तर वाऱ्याने हलणारी पाचटं आणि जवळची झाडं सांध्यात फाटतात. सकाळी ऊन थोडं वर आल्यावर किंवा दुपार कलल्यावर फोटो चांगला येतो. घरी परतण्याची उंची आधीच ठरवावी, आणि ती आसपासची विजेची तार, मोबाईलचा मनोरा आणि उंच झाड यांच्या वर असावी. बॅटरी तिसरा हिस्सा उरली की खाली आणावं.

वारंगा फाट्यावर नांदेड-अर्धापूरकडून येणारा रस्ता फुटतो. एक हदगाव-उमरखेडमार्गे यवतमाळकडे जातो, दुसरा बाळापूर-कळमनुरीवरून हिंगोलीकडे. रात्रंदिवस वाहनं, हॉटेलं, खिचडी खायला थांबलेली माणसं, आणि हंगामात उसाच्या ट्रॉल्या. फाट्याचा फोटो घ्यायचा मोह होईल, पण रस्त्याच्या आणि माणसांच्या डोक्यावर ड्रोन नेऊ नये. आपल्या रानात, आपल्या डोळ्यांसमोर उडवावं.

६. कायद्याचं भान

२५ ऑगस्ट २०२१ ला ड्रोन नियम जाहीर झाले. २५० ग्रॅमपर्यंतचं ड्रोन 'नॅनो', त्यापुढे २ किलोपर्यंतचं 'मायक्रो'. दोन्हींची सरकारदरबारी नोंदणी करून क्रमांक घ्यावा लागतो. मायक्रो ड्रोन धंद्यासाठी वापरायचं तर चालकाचं प्रमाणपत्र लागतं, घरच्या रानापुरतं लागत नाही. हिरव्या क्षेत्रात १२० मीटर, म्हणजे ४०० फुटांपर्यंत वेगळी परवानगी लागत नाही. विमानतळापासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात ही मर्यादा २०० फुटांवर येते. फाटा नांदेडच्या विमानतळापासून त्याहून पुष्कळ लांब आहे. तरीही उडवण्याआधी सरकारी नकाशा पाहावाच, कारण बंदीचं क्षेत्र तात्पुरतंही जाहीर होऊ शकतं. नियम मोडला तर एक लाखापर्यंत दंड आहे.

९ फेब्रुवारी २०२२ पासून परदेशी तयार ड्रोनच्या आयातीवर बंदी आहे. म्हणून कुणी "स्वस्तात देतो" म्हटलं तर बिल आणि नोंदणी क्रमांक पाहिल्याशिवाय पैसे मोजू नयेत.

आणि गावाचंही बघावं. २०२४ साली जालना, बीड, छत्रपती संभाजीनगर या भागांत रात्री ड्रोन दिसल्याच्या बातम्यांनी लोक रात्र-रात्र जागले. तेव्हा दिवसा उडवावं, पोलीस पाटलांच्या आणि शेजाऱ्यांच्या कानावर घालावं. दुसऱ्याच्या अंगणात कॅमेरा वळवू नये. लेकी-सुना अंगणात वावरत असतात.

थोडक्यात सांगायचं तर, आधी काम ठरवा. मोजायचं असेल तर चौफेर फोटोच्या वाटेला जाऊ नका. बघायचं असेल तर आपल्या ड्रोनचं मूळ ॲप आधी वापरून पाहा, त्यात अडलं तरच बाहेरचं घ्या. आणि कोणतंही ॲप घेतलं तरी सुटे मूळ फोटो तारखेनुसार जपून ठेवा. येत्या पावसाळ्याआधी आपल्या फडाचा एक चौफेर फोटो काढून ठेवावा आणि पावसाळा संपल्यावर त्याच जागेवरून, त्याच उंचीवरून दुसरा काढावा. दोन्ही शेजारी ठेवून पाहिले म्हणजे पाण्याला वाट कुठे काढून द्यायची, खोडवा कोणत्या तुकड्यात राखायचा आणि कोणता मोडायचा, हे घरात बसून ठरवता येईल.