बाहेरच्या पायऱ्यांना कठडा : घरच्या घरी करण्याजोगे काम



ऊस विकास विभागाच्या पानावर लागण, खोडवा, बेणे, हुमणी हे सोडून लोखंडी नळीचा विषय कुठून आला, असे पुष्कळांना वाटेल. पण लागणीच्या नोंदी घेत आम्ही वस्त्यावस्त्यांवरून फिरतो तेव्हा एक गोष्ट सारखी डोळ्यांत भरते. ज्यांच्या नावावर शेअर आहे असे बरेचसे सभासद आता साठीच्या पुढे गेले आहेत. घर मात्र तेच, जोते तेच आणि अंगणातून ओट्यावर चढायच्या पाच-सहा पायऱ्याही त्याच. दोन्ही बाजूंनी उघड्या, धरायला काही नाही. माणूस चढताना गुडघ्यावर हात टेकतो, उतरताना भिंत चाचपतो, आणि भिंत संपली की देवाचे नाव घेतो.

शेतकऱ्याच्या घरात म्हातारे माणूस पडले तर ते एकटे पडत नाही. खुबा मोडला की शस्त्रक्रिया आली, दोन-तीन महिने अंथरूण आले, घरातली एक बाई कायमची उशाशी बसली. पडून राहिलेल्या माणसाला पाठीला जखमा होतात, छातीत कफ साठतो. कित्येकदा हाड जुळते, पण माणूस उठत नाही. हे सारे तोडणीच्या दिवसांत झाले तर फडावर कोण जाणार आणि खोडव्याला पाणी कोण देणार?

हे काम आम्ही केले ते आपल्या कार्यक्षेत्रात नव्हे, तर भिवंडी तालुक्यातील अंजूर या गावी. अंजूर म्हणजे पेशव्यांच्या वसई मोहिमेत, १७३७ ते १७३९ या काळात, पुढे असलेल्या गंगाजी नाईक अंजूरकरांचे गाव. आता आसपास गोदामेच गोदामे झाली आहेत. तेथे आमच्या मामेसासऱ्यांचे जुने घर आहे. पावसाळी मुलूख म्हणून जोते साडेतीन फूट उंच, आणि चढायला काळ्या दगडाच्या पायऱ्या. आपल्याकडे वर्षाला पाचशे-सहाशे मिलिमीटर पाऊस झाला तरी आपण बरे म्हणतो. तिकडे अडीच हजारांच्या आसपास पडतो. आषाढ-श्रावणात दगडावर हिरवे शेवाळ धरते. त्याच शेवाळावरून मामेसासूबाईंचा पाय सटकला आणि खुबा गेला. चार महिने घर त्यांच्याभोवती फिरत होते. दसरा झाल्यावर आणि कारखान्याचा हंगाम सुरू होण्याआधी चार दिवस मोकळे मिळाले, त्यात मेहुण्यांना बरोबर घेऊन कठड्याचे काम हाती घेतले.

कठड्याआधी पायऱ्या पाहाव्यात. बहुतेक घरांत सर्वांत खालची पायरी बाकीच्यांपेक्षा लहान नाही तर मोठी असते, कारण अंगणात दरसाल मुरूम पडतो किंवा तो वाहून जातो. पायाला एका उंचीची सवय लागलेली असते. एखादी पायरी इंचभर जरी वेगळी आली तरी ठेच लागते. सर्व पायऱ्यांची उंची सारखी, सहा-सात इंच असावी आणि पाऊल ठेवायची जागा अकरा-बारा इंच. शेवाळ असेल तर ब्लीचिंग पावडरच्या पाण्याने घासून काढावे आणि गुळगुळीत झालेल्या दगडाला पाथरवटाकडून पुन्हा टाकी मारून घ्यावी. निसरड्या पायरीने काय होते हे मांढरदेवीने दाखवलेले आहे. २५ जानेवारी २००५ रोजी पौष पौर्णिमेच्या यात्रेत नारळाच्या पाण्याने ओल्या झालेल्या पायऱ्यांवरून माणसे घसरली, मागून रेटा आला, पुढे आगही लागली, आणि २५० हून अधिक भाविक गेले. तेथे गर्दी होती हे खरे. पण सुरुवात पाय घसरण्यानेच झाली.

आता नळी. पंपाच्या पाइपलाइनीमुळे आपल्या लोकांना जी. आय. नळीची ओळख नव्याने करून द्यायला नको. हाताने धरायची नळी सव्वा इंची घ्यावी. सव्वा इंच हे नाव आतल्या मापाचे. बाहेरून ती सुमारे ४२ मिलिमीटर भरते आणि म्हाताऱ्या माणसाच्या मुठीत नीट बसते. गोठ्यामागे पडलेली अडीच-तीन इंची जुनी नळी फुकटची म्हणून पुष्कळजण लावतात. तिच्यावर हात टेकता येतो, पण तोल जाताना मूठ आवळत नाही, आणि कठडा लावायचा तो त्या एका क्षणासाठी. जुनी जाड नळी भक्कम असेल तर खांबाला वापरावी. पी. व्ही. सी. नळी या कामाला अजिबात नको. उन्हाने ती ठिसूळ होते आणि ऐन वेळी मोडते. नवी घेताना निळ्या पट्ट्याची, म्हणजे मध्यम जाडीची मागावी. पिवळा पट्टा हलक्या नळीचा, तांबडा जड नळीचा.

बांबूचे काय, असे विचारतात. कोकणात भरीव माणगा मिळतो, त्याचा कठडा दिसतोही छान. पण मातीत पुरलेला बांबू पावसाळ्यात कुजतो. घरात आजारी माणूस आहे आणि उद्याच सोय हवी, तर एका मोसमापुरता बांबू बांधावा. त्याला कायमचे काम समजू नये.

मापे घ्यायला ओळंबा, सूत आणि पाणी भरलेली पारदर्शक नळी पुरे. उंची मोजताना पायरीच्या पुढच्या कडेपासून, म्हणजे पायरीच्या नाकापासून, सरळ उभी मोजावी. ती तीन फूट ठेवावी. घरातले माणूस फारच ठेंगणे असेल तर त्याला पायरीवर उभे करून मनगटाजवळ नळी कुठे येते ते पाहावे आणि इंच-दोन इंच कमी करावेत.

अंजूरचे माप सांगतो, म्हणजे हिशेब कळेल. सहा चढ, प्रत्येकी सात इंच, मिळून उंची ४२ इंच. पाऊल ठेवायची जागा बारा इंच. सहा वेळा धरले तर ७२ इंच. शाळेत शिकलेला काटकोन त्रिकोण येथे उपयोगी पडतो : ४२ चा वर्ग आणि ७२ चा वर्ग यांची बेरीज ६९४८, तिचे वर्गमूळ ८३ इंचांहून थोडे जास्त. ही झाली तिरपी लांबी. तिच्या पुढे खाली एक फूट आणि वर एक फूट नळी आडवी जाऊ द्यावी. हे दोन फूट लोक वाचवतात, आणि नेमके ते वाचवायचे नसतात. पहिली पायरी चढण्याआधी हाताला आधार हवा, आणि शेवटची चढल्यावर दोन्ही पाय ओट्यावर येईपर्यंत तो सुटता कामा नये. एका बाजूची नळी अशी १०७ ते १०८ इंच झाली. वीस फुटी म्हणून मिळणारी नळी सहा मीटरची, म्हणजे २३६ इंच असते. एकीत दोन्ही बाजू निघाल्या.

खांब कुठे रोवायचे, हा या कामातला खरा प्रश्न. पायरीच्या दगडाला कडेजवळ भोक पाडले की दगड तडकतो, विटांची पायरी असेल तर कोपराच निघून येतो. म्हणून आम्ही खांब पायऱ्यांच्या बाहेरच्या अंगाला जमिनीत घेतले. एका बाजूला तीन : पहिला उतार सुरू होतो तेथे, दुसरा तिसऱ्या पायरीच्या नाकाशी, तिसरा ओट्याला लागून. जमिनीवर त्यांची उंची अनुक्रमे ३६, ५७ आणि ७८ इंच येते. प्रत्येकी १८ इंच जमिनीत धरले तर ५४, ७५ आणि ९६. बेरीज २२५ इंच. म्हणजे एका बाजूचे तिन्ही खांब एका नळीत बसले. दोन्ही बाजूंना मिळून तीन नळ्या, एका बाजूला केला तर दोन. तिसरा खांब उंच असल्याने हलतो. त्याला जोत्याच्या भिंतीशी लोखंडी पट्टीची पकड घालावी.

एकाच बाजूला करायचा असेल तर उतरताना उजव्या हाताला येईल असा करावा, कारण जिवावरची पडझड बहुधा उतरताना होते आणि बहुतेकांचा उजवा हात जोरकस असतो. घरात लकवा झालेले माणूस असेल तर मात्र दोन्ही बाजूंना हवा. चढताना त्याचा जो हात चांगला, तो उतरताना दुसऱ्या बाजूला जातो, हे लोकांच्या ध्यानात येत नाही.

खड्डा नऊ इंच रुंद, दीड फूट खोल. तळाशी दोन इंच खडी टाकावी म्हणजे नळीत शिरलेले पाणी खाली जिरते. त्यावर एकास दोनास चार या प्रमाणात सिमेंट, वाळू, खडी. सहाही खड्डे एका पोत्यात होतात. माल पातळ करू नये. पळीवाढ्या आमटीसारखा झाला की तो कच्चा राहिला म्हणून समजा. वरचा थर जमिनीच्या दोन बोटे वर आणून खांबापासून बाहेर उतार द्यावा. लोखंड कुजते ते जमिनीलगतच, पाणी साचून राहते तेथे. ओळंबा लावून खांब उभे करावेत, बांबूचे तिरपे टेकू द्यावेत आणि सात दिवस पाणी मारावे. तोवर कोणी हात लावता कामा नये, पोरांनी तर नाहीच.

आपल्या बाजूच्या सभासदांनी येथे विशेष लक्ष द्यावे. अंजूरला दीड फुटात काम भागले, पण आपली काळी जमीन तशी नाही. ती पावसात फुगते आणि चैत्रात भेगाळते. दीड फुटावरचा खांब ती दोन वर्षांत तिरका करील. काळ्या रानात अडीच फूट खाली जावे, मुरूम लागत असेल तर मुरमात खांब रोवावा आणि तेवढी नळी जास्त धरावी.

नळीला खाली एक आणि वर एक असे दोन वाक लागतात, सुमारे तीस अंशांचे. बाजारचा एल्बो येथे चालत नाही. तो काटकोनाचा नाही तर ४५ अंशांचा असतो. प्लंबरकडे नळी वाकवण्याचे यंत्र असते, त्यावर दोन मिनिटांत काम होते. लोहाराकडे तापवून वाकवायची तर आत वाळू ठासून भरावी, नाही तर नळी चेपते. ही वाळू पूर्ण कोरडी हवी. ओल्या वाळूची वाफ कोंडून नळी फुटते आणि माणूस जखमी होतो.

वरची नळी खांबांना जोडणे एवढेच काम वेल्डरचे. खांबाचे डोके नळीच्या उताराइतके तिरपे कापून त्यावर पट्टीचा तुकडा बसवावा, म्हणजे खांबात पावसाचे पाणीही जात नाही. नळी त्या पट्टीवर ठेवून खालून जोडावी. वरच्या अंगाला वेल्डिंगची गाठ किंवा बोल्टचे डोके राहू नये. हात या टोकापासून त्या टोकापर्यंत न अडता सरकला पाहिजे. जोडाजवळचा जस्ताचा थर आधी घासून काढावा आणि काम उघड्यावर करावे. जस्ताचा धूर छातीत गेला की संध्याकाळी थंडी वाजून ताप भरतो. जोडाला नंतर जस्ताचा रंग द्यावा. नळीची दोन्ही टोके खाली वळवावीत किंवा टोपी घालून बंद करावीत. उघड्या टोकात लुगड्याचा पदर आणि पिशवीचा बंद हमखास अडकतो.

अंजूरला सिमेंट झाले आणि आम्हांला परतावे लागले, कारखान्याचा बॉयलर पेटायचा होता. वरची नळी मेहुण्यांनी आठव्या दिवशी बसवून घेतली. मामेसासूबाई पहिले काही दिवस तिला हात लावायला तयार नव्हत्या. पांगळ्यांची काठी ती, असे त्यांचे म्हणणे. मग मामेसासरे स्वतः धरून चढू लागले, तेव्हा त्याही धरू लागल्या. घरातल्या धडधाकट माणसांनी आधी वापरावा, हा उपाय आम्ही तेथे शिकलो. म्हाताऱ्यांना लाज वाटते, हे आपण विसरतो.

दोन गोष्टी कडक शब्दांत सांगतो. कठड्याला म्हैस, रेडकू बांधू नये. एक हिसडा बसला की खांब ढिला झाला. आणि विजेची वायर कठड्यावरून कधीही नेऊ नये, स्टार्टरची अर्थिंग तर त्याला मुळीच जोडू नये. आपल्याकडे मिळेल त्या लोखंडाला अर्थिंग जोडायची खोड आहे. मोटारीत बिघाड झाला तर तोच प्रवाह कठड्यात उतरेल, आणि ओल्या पायाने तो धरणारा घरातला सगळ्यात म्हातारा माणूस असेल.

रंगाबद्दल थोडे. नव्या चकचकीत जस्तावर तेलरंग धरत नाही, पापुद्रे निघतात. पॉलिश पेपरने घासून, धुण्याच्या सोड्याच्या पाण्याने पुसून, जस्तासाठी मिळतो तो प्रायमर आधी द्यावा. अंजूरला खाडीची हवा म्हणून रंग देणे भाग होते. आपल्याकडे नळी तशीच ठेवली तरी चालेल. रोहिणी लागण्याआधी दरसाल एकदा प्रत्येक खांब दोन्ही हातांनी हलवून पाहावा आणि जमिनीलगत खरवडून तांब कुठवर गेली ते बघावे. विहिरीच्या पायऱ्यांचे काम मात्र या मापाने करू नये. तेथे खांब रोवायला जमीनच नसते, नळी भिंतीत कंस ठोकून बसवावी लागते आणि बोटे अडकू नयेत म्हणून भिंतीपासून दोन इंच सुटी ठेवावी लागते. ज्यांना ते करायचे असेल त्यांनी विहिरीची भिंत बांधीव आहे की कच्ची हे पाहून मगच गट ऑफिसात आमच्याशी बोलावे.